पोपटी घराचा पत्ता

माझ्या वहिनीला, नंटुमेला, मोबाइलवर कुठलंसं घर दिसलं आणि आमच्या घराची वाट लागली. बैठक पिस्ता, पडदे शेवाळी, उशा कोवळ्या पानांच्या रंगाच्या. बाहेरच्या भिंती तर डोळे दिपवणाऱ्या पोपटी. भाचीचा, नबुकेराचा, क्वांजुला पंधरा दिवसांवर आलेला. मागणी घालायला कंपालाचे लोक येणार, आपण गावंढळ दिसता कामा नये, असा तिचा एकच घोष.

"अगं, हा त्या फोन कंपनीचा रंग आहे," मी म्हटलं. "मसाकाच्या रस्त्यावर जागोजागी त्यांची दुकानं आहेत. त्यांना कंपनी फुकट रंगवून देते. तू पदरचे घालून रंगवलंस."

"वन्सं, तो साधा पोपटी. हा लिंबाच्या छटेचा. तुम्हाला नाही कळायचं."

मलाच काय, रस्त्यावरच्या लोकांनाही कळलं नाही. रंग वाळायच्या आत एक म्हातारा सिमकार्ड मागायला आला. दुसऱ्या दिवशी तिघंजण आले. नंटुमे सगळ्यांवर खेकसली आणि मुलाकडच्यांना ऐटीत पत्ता दिला, "फाट्यानंतर रस्त्याकडेचं हिरवं घर. चुकायचा प्रश्नच नाही."

क्वांजुलाच्या दिवशी सकाळी दहाला फाटक बंद करायचं. उशीर केला तर आल्या पावली परत, ही आमची रीत. त्यातून सूट द्यायची तर शब्द सेंगाचा, म्हणजे मुलीच्या आत्याचा. म्हणजे माझा.

दहा वाजले. मांडव भरलेला, कच्च्या केळ्यांचं मतोके केळीच्या पानांत वाफवून तयार, आणि मुलाकडचं एक माणूस नाही. घरच्या म्हाताऱ्यांनी फाटक लावून घेतलं. सव्वादहाला माझा फोन वाजला.

"सेंगा, आम्ही हिरव्या घरासमोर उभे आहोत," मुलाकडच्यांच्या वतीने बोलणारा, त्यांचा बोलका, म्हणाला. "इथली मुलगी म्हणते, नवरी नाही, रिचार्ज मिळेल. हे दुसरं दुकान!"

मला हसू आवरेना. फोन नंटुमेपुढे धरला. "घे. सांग त्यांना, कुठलं हिरवं ते."

तिचा चेहरा उतरला, पण ताठा उतरेना. "घर सापडत नसेल तर परत जा म्हणावं. उशीर तो उशीर."

रंग चुकला म्हणण्यापेक्षा मुलीचं लग्न मोडलेलं बाईला परवडत होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कुणी बोलावल्याशिवाय नवरीने बाहेर यायचं नसतं. पण नबुकेरा रेशमी गोमेसीचा पायघोळ झगा सावरत आली आणि तिने माझ्या हातातला फोन घेतला.

"आणखी पुढे या," ती म्हणाली. "तसंच दुकान दिसेल, पण तिथे काही विकत मिळणार नाही. ते आमचं घर."

नंटुमे मटकन खुर्चीत बसली. "तुझ्यासाठीच केलं गं सगळं. तुला कुणी कमी लेखू नये म्हणून."

"माझ्यासाठी केलंस ना? मग माझ्यासाठी फाटक उघड."

माझ्या जिभेवर आणखी दहा टोमणे तयार होते. नंटुमेकडे पाहिलं आणि एकही बोलवेना. म्हाताऱ्यांना सांगितलं, "सेंगाने सूट दिली आहे. कुरकुर नको."

पाहुणे डोक्यावर टोपल्या घेऊन आले तेव्हा फाटक नंटुमेनेच उघडलं. बोलका उशिराची माफी मागायला गुडघ्यावर बसू लागला. तिने त्याला बसू दिलं नाही.

"पत्ता मीच चुकीचा दिला होता," ती म्हणाली. मांडवातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.