समोरून टाकलेला उजेड

मी एक जुना दिवा आहे. देवापुढचा नव्हे, की स्वयंपाकघरातला नव्हे. फोटो स्टुडिओतला पाचशे वॅटचा दिवा. मित्रांनो, सध्या मी नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्यावरच्या एका दुकानाच्या माळ्यावर पडून आहे. कबुतरांनी माझं काय केलंय ते सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते वेगळं आहे.

१९८१ साली स्टुडिओच्या मालकाने, मुबारकभाईने, मला हैदराबादहून रेल्वेने आणलं. वाडग्यासारखं मोठं ॲल्युमिनियमचं तोंड आणि खालीवर करता येणारा लोखंडी स्टँड. लोक यायचे आणि कॅमेऱ्याचं कौतुक करायचे. कॅमेरा काय करतो? समोर येईल ते गिळतो. माणूस कसा दिसायचा हे मी ठरवायचो. मला उंच चढवलं की भुवयांखाली काळोख पडायचा, नाकाखाली मिशी उगवायची आणि जबडा खोक्यासारखा दिसायचा. सज्जन माणूससुद्धा दरोडेखोर व्हायचा. मला खाली तोंडासमोर आणून पुढे पातळ पांढरं कापड बांधलं की सगळं सपाट, गोरं आणि गोड. चेहरा तोच, माणूस तोच. मला हलवायला लागायचं अर्धं मिनिट.

मुलींचे दाखवायचे फोटो हा आमचा मुख्य धंदा होता. सावळी मुलगी गोरी करायची, रुंद हनुवटी निमुळती करायची. एकदा रामराव नावाचे एक गृहस्थ मुलासाठी मुलगी पाहून थेट दुकानात आले आणि फोटो टेबलावर आपटून म्हणाले, ही कोण आणि आम्ही पाहून आलो ती कोण? मुबारकभाई म्हणाला, "दोन्ही एकच हैत. तिच्या घरी पाचशेचा दिवा न्हाई." रामराव फार बोलले. खोटेपणा, फसवणूक, असलं बरंच काही. दोन वर्षांनी ते स्वतःच्या मुलीला घेऊन आले आणि हळूच म्हणाले, तसाच काढा. अशी माणसं मी शेकड्यांनी पाहिली. दुसऱ्याचं खोटं त्यांना टोचतं, स्वतःचं हवं असतं.

पण मी तरी कुठे धुतल्या तांदळाचा होतो? मुबारकभाईच्या बायकोचं नाव गौहर. तिच्या गालांवर देवीचे वण होते. मुबारकभाईने तिचे फोटो पुष्कळ काढले आणि प्रत्येक वेळी मला समोर ठेवलं. राहिलेसाहिले वण त्याने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून घालवले. प्रेमानेच केलं. १९९८ साली ती तापाने गेली. नंतर महिनाभराने त्याने सगळ्या निगेटिव्ह बाहेर काढल्या आणि टर्पेंटाइनच्या बोळ्याने पेन्सिल पुसून नव्याने फोटो छापले. वण आले नाहीत. ते मी आधीच खाल्ले होते. ज्या बाईबरोबर त्याने एकोणीस वर्षं काढली तिचा एकही फोटो घरात नव्हता. होता तो एका गुळगुळीत गालांच्या बाईचा. त्याने फोटो पालथे ठेवले. पेन्सिलही पुन्हा हातात धरली नाही. गिऱ्हाईक कमी झालं, आणि ते होणारच होतं.

२००५ च्या उन्हाळ्यात कौसल्या दुकानात आली. बरोबर तिची आई सगुणाबाई होती. कौसल्या बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायच्या टेबलावर कामाला होती. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळून ठेवायचे आणि आठवड्याने किती उगवले ते लिहायचं. तिचं गाव कुंभार पिंपळगाव. जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून पेढे वाटले होते. मुलगा नव्हता हे तिला लवकर कळलं, गावाला उशिरा. गावाने जे बोलायचं ते बोलून घेतलं. सगुणाबाईने घराला कुलूप लावलं आणि लेकीबरोबर जालन्याला येऊन राहिली. बाजारात ऑटोवाले कौसल्याला मागून ताई म्हणायचे आणि तिने तोंड वळवलं की भाऊ म्हणायचे. तिला भुवयांवरचं हाड आणि जबडा कमी करून घ्यायचा होता. बस एवढंच. मला ते वावगं वाटलं नाही. वीस वर्षं जी माणसं अर्ध्या मिनिटात चेहरा बदलून मागत होती, त्यांच्यापेक्षा ही प्रामाणिक होती. ती खरंच बदलायला निघाली होती.

तिला डॉक्टर सापडला होता. मोठ्या शहरातला. त्याने तिला समोरून आणि बाजूने काढलेले फोटो पाठवायला सांगितलं होतं, आणि पाहायला म्हणून एक गुळगुळीत कागदाचा अल्बम दिला होता. डावीकडे ऑपरेशनच्या आधीचा चेहरा, उजवीकडे नंतरचा. दिवाळीनंतरची तारीख जवळजवळ ठरली होती. सगुणाबाई तर त्या दवाखान्यावर खूश होती. गार हवेत बसवलं, कपबशीत चहा दिला आणि डॉक्टर स्वतः दारापर्यंत आला, हे तिने मुबारकभाईला दोनदा सांगितलं.

मुबारकभाईने अल्बमची पानं उलटली. पहिल्या पानावर सावकाश, मग भराभर. मी त्याच्या खांद्यावरून सगळं पाहत होतो. मित्रांनो, मला किळस आली. डावीकडच्या प्रत्येक फोटोत दिवा डोक्यावर होता, उजवीकडच्या प्रत्येक फोटोत तोंडासमोर. डावीकडे कुणी हसत नव्हतं, हनुवटी वर. उजवीकडे हनुवटी खाली, केस कपाळावर ओढलेले. सगळी माझीच कामं. फरक एवढाच की आमच्या दुकानावर डॉक्टर अशी पाटी नव्हती.

मुबारकभाईने अल्बम मिटून बाजूला ठेवला. त्याने कौसल्याला स्टुलावर बसवलं आणि बिलकुल हलू नको म्हणून सांगितलं. मला वर चढवून एक फोटो काढला. मग मला खाली आणून कापड बांधलं, तिला हनुवटी थोडी खाली घ्यायला लावली आणि दुसरा काढला. लोडशेडिंग सुरू व्हायच्या आधी डार्करूममध्ये जाऊन दोन्ही छापले आणि ओलेच टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. डावीकडे ऑटोवाल्यांचा भाऊ होता. उजवीकडे एक साधी, नीटस बाई होती.

कौसल्याने उजवा फोटो उचलला तो खाली ठेवलाच नाही. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. मग ती म्हणाली, "चाचा, तुम्ही मला करू नको म्हणून राह्यले का?"

"करू नको म्हणणारा मी कोण, बेटा? हाड तुझं, चेहरा तुझा. मी त्या डॉक्टराचं बोलून राह्यलो. त्यानं हाड कुठं कापलं ते मला एका बी फोटोत दिसून न्हाई राह्यलं. दिवा कुठं सरकवला ते मात्र बराबर दिसून राह्यलं."

सगुणाबाईला हे आवडलं नाही. ती म्हणाली, "तुमचं दुकान चालत न्हाई म्हणून दुसऱ्याच्या दुकानाला नावं ठेवता व्हय, मुबारकभाई?"

"ठेवतो ना," तो म्हणाला. "माझ्या खोट्यानं फारतर सोयरीक मोडती, सगुणाबाई. कापलेलं हाड परत आणता येत न्हाई."

मग कौसल्याने अल्बम पुन्हा उघडला. या वेळी ती चेहरे पाहत नव्हती, नाकाखालच्या सावल्या पाहत होती. सगळी पानं झाल्यावर ती आईला म्हणाली की आमच्याकडे शंभर दाणे मांडताना निवडायचे नसतात. मुठीत येतील तसे मांडायचे, फुटका आला तर फुटका. निवडून मांडले तर नोकरी जाते. "यानं निवडून मांडलेत, आई. अन् निवडलेले बी उगवलेत का न्हाई, कळून न्हाई राह्यलं."

पुढचं सगळं ती वेळोवेळी स्टुलावर बसून सांगत गेली, म्हणून मला माहीत. तिने त्या डॉक्टराला जाऊन विचारलं की एकाच उजेडात काढलेले फोटो आहेत का, आणि अल्बममध्ये न घातलेले कुठे आहेत. डॉक्टर हसला. विश्वास नसेल तर कापून घेऊ नये, म्हणाला. आत कसलीशी मीटिंग निघाली. या वेळी चहा नव्हता, आणि दारापर्यंत फक्त शिपाई आला. सगुणाबाईच्या मनातून तो त्या दिवशी उतरला. चहासाठी नव्हे. लेकीने साधा प्रश्न विचारला आणि एवढ्या मोठ्या माणसाला तो झोंबला, हे तिला कळलं.

दुसरा डॉक्टर त्याहून हलका. त्याने कौसल्याला पाहिलं न पाहिलं आणि नाक नटीसारखं करून देतो म्हणाला. तिने नाकाबद्दल विचारलंच नव्हतं. कपाळाचं काय, असं विचारल्यावर म्हणाला, तेही करू, घासून टाकू. किती जणींचं घासलं, तर म्हणे पुष्कळ. ज्या कंपनीत शंभरातले एक्क्याण्णव उगवले की एक्क्याण्णव लिहितात, तिथल्या बाईला हा पुष्कळ सांगत होता. ती उठून आली.

तिसरी डॉक्टर एक बाई होती, औरंगाबादेत. जीप आणि ट्रॅक्टरच्या अपघातात मोडलेले जबडे जोडायचं तिचं रोजचं काम. तिच्याकडे अल्बम नव्हता, फोटोंची खोकी होती. प्रत्येक फोटो त्याच पांढऱ्या फरशीच्या भिंतीपुढे, त्याच ट्यूबलाइटखाली, केस मागे बांधून काढलेला. एकही फोटो चांगला नव्हता. कौसल्याने हे सांगितलं तेव्हा मुबारकभाई पहिल्यांदा खुलून हसला. चांगले नाहीत म्हणजे ठीक आहे, म्हणाला. त्या बाईने सांगितलं की कपाळाच्या हाडामागे पोकळी असते. नुसतं घासून भागेल की हाड कापून मागे बसवावं लागेल, हे स्कॅन करून आतलं चित्र काढल्याशिवाय सांगणाऱ्याचं ऐकू नकोस. कपाळाची अकरा ऑपरेशनं तिने केली होती, त्यातली दोन मनासारखी झाली नव्हती. त्या दोघींचे फोटो खोक्यातून काढून तिने पहिल्यांदा तेच दाखवले. जबड्याच्या कामात एकीचा खालचा ओठ एका बाजूने बधिर झाला. ती भेटायला तयार आहे, जाऊन विचार, असं डॉक्टर म्हणाली.

ती बेबीनंदा. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायची आणि कामगारांचे डबे करायची. कौसल्या रविवारी बसने गेली. बेबीनंदाने चहा केला आणि पिताना पदराने ओठ टिपत राहिली.

"एका बाजूनं सांडतो," ती म्हणाली. "मला कळत बी न्हाई."

कौसल्याने विचारलं, पुन्हा करायचं झालं तर कुणाकडे जाशील?

"तिच्याकडंच. असं होऊ शकतं, हे तिनं मला आधी दोनदा सांगितल्तं. अन् झाल्यावर माझा फोन उचलला. दुसऱ्यायनी असं झाल्यावर नंबर बदलले, बाई."

कौसल्याने त्याच आठवड्यात ठरवलं. बाई डॉक्टरने तिला सहा महिने थांबवलं, चित्रं काढली आणि जबड्याला फार हात लावणार नाही म्हणून आधीच सांगितलं. २००६ च्या पावसाळ्यात ऑपरेशन झालं. सगुणाबाई तीन आठवडे उशाशी होती.

नंतर वर्षभराने कौसल्या दुकानात आली. तोवर दुकानात छोटे चपटे कॅमेरे आणि छत्रीसारखे दिवे आले होते आणि मी माळ्यावर गेलो होतो. तिने मुद्दाम मला खाली काढायला लावलं. सगुणाबाई आत शिरता शिरताच मुबारकभाईला म्हणाली, "बघा हो. हिच्या चेहऱ्यातनं माझा भाऊ गेला अन् बहीण आली." खरंच तसं होतं. भुवया मोकळ्या झाल्या होत्या, डोळे मोठे दिसत होते. नटी झाली नव्हती. कुंभार पिंपळगावच्या कुठल्याही ओट्यावर बसलेली दिसेल अशी बाई झाली होती.

फक्त डाव्या भुवईच्या वर एक खळगा राहिला होता. हाड तिथे जरा खाली बसलं होतं. साध्या उजेडात दिसायचा नाही. डॉक्टरला तिच्या खोक्यात ठेवायला फोटो हवा होता, आणि तो खळगा ट्यूबलाइटमध्ये येत नव्हता, म्हणून कौसल्या आमच्याकडे आली होती.

मुबारकभाईने मला पुसलं, लावलं आणि सवयीने खाली समोर आणलं. कापडही बांधायला घेतलं. त्याला तिची माया होती.

"न्हाई चाचा. वर घ्या."

"वर घेतला तर खड्डा दिसंल, बेटा."

"दिसला पाहिजे. माझ्या मागून जी येईल, तिनं काय पाहून ठरवायचं?"

त्याने कापड सोडलं आणि मला वर चढवलं. तिने केस मागे बांधले आणि हनुवटी सरळ धरली. ती हसली नाही, पण तोंड पाडूनही बसली नाही. मी उजेड टाकला. खळगा दिसला, आणि त्याच्या भोवतीचा चेहरा बाईचाच राहिला. माझ्या सगळ्यात वाईट उजेडातसुद्धा.

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी जुन्या वस्तू जपा म्हणून विनवायचं असतं. मला जपू नका. खुशाल भंगारात घाला. पण उद्या कुणी तुमच्या शरीराला हात लावायला निघाला आणि पुढे सुंदर चेहरे मांडायला लागला, तर दिवा कुठे होता ते विचारा, आणि न मांडलेले मागून घ्या. जो रागावेल त्याच्या दारातून परत या. आपल्या जिवाची काळजी घ्यायची म्हणजे आधी एवढंच करायचं. औरंगाबादेतल्या त्या खोक्यात आता बाराव्या कपाळाचाही फोटो आहे, आणि त्याच्या मागे कौसल्याने स्वतःच्या हाताने तिचा फोन नंबर लिहिला आहे.