कोबीतलं घड्याळ

जादूगार हात हलवतो, लोक 'आहा' म्हणतात आणि मी तिसऱ्या रांगेतून सांगतो, "डाव्या बाहीत आहे." माझा स्वभावच तो, त्याला इलाज नाही. कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यात अडतीस वर्षं काढली. बोल्टावरचा केसाएवढा चरा मला दिसायचा, मग अख्खं कबूतर दिसणार नाही? आमच्या मंदाकिनीने तर लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी माझ्याबरोबर जादूचे प्रयोग बघणं बंद केलं. "अहो, तुम्ही तिकीट काढून भांडायला जाता," असं ती म्हणते. तिचं बरोबर आहे, पण ते तिला सांगायचं काही कारण नाही.

आयुष्यात एकच जादू मला पकडता आली नाही. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मैदानावर तंबू ठोकून प्रयोग चालला होता. जादूगाराने प्रेक्षकांकडे घड्याळ मागितलं आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, चक्क हात वर केला. नाना पोस्टात कारकून. कडक माणूस. कुणी खोटं बोललं तर आठ-आठ दिवस त्याच्याशी बोलायचे नाहीत. घड्याळ त्यांना सासऱ्यांनी लग्नात दिलेलं; आमची अख्खी गल्ली त्यावरून आपली घड्याळं लावायची. जादूगाराने ते खलबत्त्यात घातलं आणि कुटलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी भोकाड पसरलं. मग त्याने कोबीचा एक गड्डा आणला, सुरीने चिरला आणि आत घड्याळ! नानांनी ते उलटून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "वा! हेच माझं घड्याळ." टाळ्यांनी तंबू दणाणला. त्या दिवशी माझ्याइतका खूश मुलगा पुण्यात दुसरा नसेल.

त्यानंतर ते घड्याळ रोज सात मिनिटं मागे पडायला लागलं. कुणी विचारलं तर नाना म्हणायचे, "जादूतून परत आलंय, जरा दमलंय." आई मात्र महिनाभर घुश्शात होती, आणि घरात कोबी आणला की तिचं तोंड वाकडं व्हायचं. नाना गेल्यावर घड्याळ माझ्याकडे आलं. स्प्रिंग, पोकळ बत्ता, जुळं घड्याळ, सगळ्या शक्यता मी साठ वर्षं तपासल्या. एकही बसेना. जुळं कुटलं असेल तर खरं घड्याळ मागे का पडावं? आणि घड्याळ तर खुद्द नानांनी ओळखलं होतं, नाना खोटं बोलत नसत.

आता माझी नात अपूर्वा. वय दहा. हिला जादूचं वेड. गेल्या वर्षी एका वाढदिवसाला हिने पत्त्यांची जादू केली आणि मी सवयीने बोलून गेलो, "पत्ता मांडीखाली आहे." पोरं खो-खो हसली. अपूर्वाने पत्ते डब्यात भरून माळ्यावर टाकले आणि आठ महिने जादूचं नाव काढलं नाही. मंदाकिनीनेही माझ्याशी बोलणं सोडलं होतं, पण ते चारच दिवस.

यंदा कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनासाठी अपूर्वाने स्वतःहून नाव दिलं. मला घरात कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "आजोबा, मला तुमची कोबीवाली जादू करायचीये. पणजोबांचं घड्याळ द्याल? सेफ राहील, प्रॉमिस. आणि एक कंडिशन. तुम्ही फक्त 'हेच माझं घड्याळ' म्हणायचं. बाकी टोटल म्यूट."

"आणि मला काही दिसलं तर?"

"तर मी परत कधीच जादू करणार नाही."

मी मुकाट्याने मान डोलावली.

कार्यक्रमाच्या दिवशी पाच वाजताच हॉलमध्ये पोचलो. फलकावर लिहिलं होतं, 'कार्यक्रम साडेपाचला म्हणजे साडेपाचलाच सुरू होईल. उशिरा येणाऱ्यांनी आवाज न करता लाज वाटून घ्यावी.' हे दिगंबरपंतांचं काम. ते सोसायटीचे सेक्रेटरी, आणि चुका काढण्यात माझे एकमेव प्रतिस्पर्धी.

अपूर्वा कपडे बदलायला गेली होती. तिच्या टेबलावर, कोबीच्या आडोशाला, दोन सारखेच लाल बटवे होते. एकात जुन्या बाजारातून आणलेलं, नानांच्यासारखंच दिसणारं घड्याळ. दुसरा रिकामा. म्हणजे माझं घड्याळ रिकाम्या बटव्यात जाणार, मग मागच्या मागे अदलाबदल, माझं मागून पोखरलेल्या कोबीत सरकणार आणि कुटलं जाणार ते बाजारातलं. ठीक आहे. पोरगी हुशार आहे. पण भरलेल्या बटव्याला वीतभर दोरा लोंबत होता. गबाळं काम मला बघवत नाही. खिशातून नेलकटर काढलं आणि दोरा साफ कापून टाकला.

प्रयोग छान रंगला. माझं घड्याळ सगळ्यांदेखत बटव्यात गेलं. अपूर्वा गोड गोड बोलत होती आणि कोबीमागे तिची बोटं काहीतरी चाचपत होती. पुन्हा चाचपली. थांबली. अरे देवा, तो दोरा! तीच तिची खूण होती!

एक शब्द बोललो असतो तर घड्याळ वाचलं असतं. "थांब, बाळा" एवढंच. पण मग दोन बटवे आहेत हे साठ माणसांना कळलं असतं, आणि पत्ते कायमचे माळ्यावर गेले असते. नानांची एवढी एकच वस्तू माझ्याकडे होती. मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली आणि गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच.

तिने एक बटवा उचलला, खलबत्त्यात टाकला आणि बत्ता हाणला. खळ्ळ!

मग कोबी चिरला. आतल्या बटव्यातून घड्याळ काढताना तिचा चेहरा पांढराफटक पडला. नानांच्या घड्याळाच्या काचेवर चारच्या आकड्याशी ओरखडा होता. या काचेवर काही नव्हतं. ते घड्याळ घेऊन ती माझ्यापाशी आली. "आजोबा... हेच का तुमचं घड्याळ?"

दिगंबरपंत पहिल्या रांगेतून वळले. "बघू हो, इकडे आणा जरा."

मी घड्याळ हातात घेतलं. उलटून पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. आणि मोठ्यांदा म्हणालो, "वा! हेच माझं घड्याळ."

ते शब्द तोंडातून निघाले आणि मी जागच्या जागी थिजलो. हे वाक्य, हे उलटून बघणं, हे पोराकडे बघणं. त्या तंबूतल्या जादूगाराचीही चूक झाली होती! नानांचं घड्याळ तिथेच चक्काचूर झालं होतं. कोबीतून निघालं ते भलतंच. म्हणून सात मिनिटं. म्हणून आईचा घुस्सा. साठ वर्षं माझं डोकं सगळीकडे चाललं, फक्त नानांवर कधी शंका आली नाही. टाळ्या चालू होत्या आणि मी रुमाल शोधत होतो.

घरी आल्यावर अपूर्वा मंदाकिनीच्या मांडीत तोंड खुपसून रडली. "पणजोबांचं घड्याळ मी फोडलं."

"पहिली गोष्ट, दोरा मी कापला," मी म्हणालो.

"आजोबा!" रडणं जागच्या जागी थांबलं. मंदाकिनीने कपाळावर हात मारला.

"दुसरी गोष्ट, ते घड्याळ पणजोबांचं नव्हतंच." मग मी तिला सगळं सांगितलं.

तिने नाक पुसलं. "म्हणजे पणजोबा सगळ्यांसमोर खोटं बोलले?"

"हो. माझ्यासाठी," मी म्हणालो.

जुन्या बाजारातलं ते घड्याळ आता मीच वापरतो. रोज वीस मिनिटं पुढे जातं. परवा सोसायटीच्या मीटिंगला मी लवकर पोचलो, तर दिगंबरपंतांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो, घड्याळ नीट चालत नाही वाटतं?"

अपूर्वा शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "जादूतून परत आलंय, जरा घाईत आहे."