दोन्ही बाजूंच्या बातम्या

मित्रांनो, माझे पणजोबा कट्ट-कडकट्ट करणारे तारयंत्र, आजोबा जहाजावरचे बिनतारी यंत्र आणि वडील काचेच्या व्हॉल्व्हचा, तापल्यावाचून तोंड न उघडणारा रेडिओ. त्या घराण्यातला मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे. कुळाचा अभिमान मी आजही सोडलेला नाही.

कारखान्यातल्या कुशल बोटांनी माझ्या तारा जोडल्या, पोटात सेल घातले आणि मला वाचा फुटली. या घरात निवडणुका, लढाया, तहांच्या वार्ता प्रथम माझ्या तोंडून कळत. मी बोलू लागलो की घास घेतलेले हात थबकत. पुढे टीव्ही आला, मोबाइल आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे वर्षानुवर्षे मला कुणी हाक मारली नाही.

एके दुपारी घरातल्या मुलीने मला खाली काढून नवे सेल घातले. काटा सरकवता सरकवता तिला दोन परकी केंद्रे लागली. सीमेवरच्या एकाच चकमकीची बातमी दोन्ही देत होती. एक म्हणे, आम्ही हल्ला परतवला. दुसरे म्हणे, हल्ला आमच्यावरच झाला. ती कितीतरी वेळ काटा इकडून तिकडे फिरवत राहिली. तेव्हापासून आमची गट्टी जमली.

बारावी होताच तिने जाहीर केले, "मला आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचेत."

भाजी निवडणाऱ्या आत्याबाई दचकल्या. "अगं बाई! परदेशातलं स्थळ? इतक्यात?"

"आत्या, देशादेशांमधले संबंध!"

"मग तेही जुळवणंच की. मध्यस्थी कोण करतं?"

"तीच मी करणार."

बाबा मात्र हसले नाहीत. मुलीची आई गेल्यापासून ते कमीच हसत. "कॉलेज घराजवळचंच घ्यायचं. नाव मोठं आहे त्याचं."

"बाबा, तिथं आम्हाला नुसतं सभागृह दाखवलं. त्या लांबच्या कॉलेजात सरांनी वर्गाचे दोन देश केले. मी माझ्या देशाची बाजू तावातावानं मांडली, तर म्हणाले, आता खुर्च्या बदला आणि समोरच्यांची बाजू मांडा. माझी तर बोबडीच वळली. मला तेच शिकायचंय."

"आणि मला घर खायला उठेल, त्याचं काय?"

आत्याबाईंनी भाजीचे ताट बाजूला सारले. "तुला लांब शिकायला पाठवता यावं म्हणून मी कॉलेज सोडलं, तेव्हा मला काय घर गोंजारत होतं? ऊठ, तिच्या खुर्चीत बसून बघ जरा."

बाबा खरोखरच उठले. मुलीच्या खुर्चीत जाऊन बसले आणि तिथून आपल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहू लागले.

मुलगी त्या लांबच्या कॉलेजात शिकायला गेली. मी पुन्हा कपाटावर आहे. पोटातले सेल कुणी काढले नाहीत. ते गळू लागले आहेत आणि आतल्या पट्ट्यांना गंज चढतो आहे. मित्रांनो, एखादी वस्तू बाजूला ठेवाल तेव्हा निदान तिचे सेल तेवढे काढा. आणि घरात कुणी गप्प बसलेले दिसले, तर त्याला दोन शब्द बोलायला लावा. न बोलता राहिल्यावर आत काय होते, ते मी सोसतो आहे.

निरोपाच्या संध्याकाळचे तेवढे सांगतो आणि थांबतो. मुलीला गाडीत बसवून बाबा परतले. दिवा न लावताच ते बहिणीसमोर बसले.

"ताई, गेली गं ती. हसत गेली."

"जाणारच."

"तुझं देणं होतं माझ्यावर."

आत्याबाईंनी उठून दिवा लावला. भावाच्या चेहऱ्याकडे पाहिले.

"होतं," त्या म्हणाल्या. "आज पुरतं फिटलं."