नमुन्याचा पाय

छापखान्यातून रोगांच्या तक्त्याचं प्रूफ आलं तेव्हा घरात उड्या मारायला दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकीला पाय एकच होता. हा विनोद आईचा स्वतःचा. दुसऱ्या कुणी केला असता तर तिने त्याला कुबडीनेच झोडपलं असतं.

चितारिणीने गुंडाळी सोडून जमिनीवर पसरली आणि कोपऱ्यांवर रंगाच्या बाटल्या ठेवल्या. आईने खुर्चीतून मान पुढे काढली, चष्मा वर-खाली केला आणि विचारलं, "हा कुणाचा पाय?"

"खालच्या ओळीतला ना? तुझाच."

"काहीतरीच काय! माझा पाय एवढा गोरा असता तर सासूबाईंनी मला जन्मभर काळुंद्री म्हणून हाक मारली असती?"

चितारीण वाकून बघायला लागली. आई बरोबर बोलत होती. नुसता पायच नाही, तक्त्यावरची सगळीच माणसं उजळली होती. काळी होती ती सावळी झाली होती, सावळी गव्हाळ झाली होती, आणि गव्हाळ होती त्यांनी तर जन्मात ऊन पाहिलेलं दिसत नव्हतं. एका चौकटीत तिने मुद्दाम एक गोरीपान बाई काढली होती, कारण गोरी माणसं आजारी पडत नाहीत असं थोडंच आहे? तिला तेवढा कुणी हात लावला नव्हता. ती बिचारी आपली होती तशी पुरळ घेऊन बसली होती.

आणि पायावरची ती सूज! तिच्या मूळ चित्रात काळ्या कातडीवर जांभळट, राखेची झाक असलेला, ताणून चकचकीत झालेला पट्टा होता. प्रूफवर त्याचा गुलाबी पायावरचा लालसर डाग झाला होता. म्हणजे पुस्तकात असतो तसाच. ज्या पुस्तकांशी भांडायला तिने हा तक्ता काढला, त्यांचंच एक पान पुन्हा घरात येऊन पडलं होतं.

चितारीण हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. मोठ्या इस्पितळाच्या त्वचाविभागात एक जुन्या नर्सबाई होत्या, त्यांनी ते पाडलं. कोपऱ्यातल्या बाकावर मांडीवर फळी घेऊन बसलेल्या या बाईला त्या रोज म्हणायच्या, "आली का आमची चितारीण?" बघता बघता ते नाव तिला चिकटलं. त्याआधी ती एका फोटो स्टुडिओत फोटो सुधारायचं काम करायची. लोकांची मुरमं पुसायची, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची, आणि सगळ्यात जास्त म्हणजे माणसं उजळ करायची. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणायचं, "जरा उजळ करा हं." तिने वर्षानुवर्षं ते केलं, मन लावून केलं, आणि त्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

मग आईचा पाय सुजला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्याने पाय नीट पाहिला, दाबून पाहिला आणि म्हणाला, "लाली कुठे दिसत नाही. साधी सूज आहे. पाय उंचावर ठेवा, उतरेल." सूज उतरली नाही. आई कण्हत राहिली, आणि चितारीण तिला म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणतात ना काही नाही? मग उगाच का घाबरतेस?" आईने कण्हणं बंद केलं. मोठ्या इस्पितळात नेलं तोवर विष वर चढलं होतं आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

डॉक्टर वाईट नव्हता. त्याने मनापासून लाल रंग शोधला, कारण त्याला लाल रंग शोधायलाच शिकवलं होतं. हे चितारिणीला कळलं ते जुन्या पुस्तकांच्या दुकानात. आईला झालं होतं तरी काय, ते डोळ्यांनी बघावं म्हणून तिने वैद्यकाची जाडजूड पुस्तकं उघडली, आणि पानामागून पान गुलाबी पायच पाय निघाले. दुकानातून बाहेर येऊन तिने रस्त्यावरची माणसं पाहिली. त्या पायांचा मालक काही त्या गर्दीत दिसेना. त्या दिवशी तिला असा राग आला की घरी येऊन तिने चहासुद्धा घेतला नाही, सरळ आईच्या उरलेल्या पायासमोर कागद घेऊन बसली.

पहिलं चित्र घेऊन ती त्वचाविभागाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी ते बराच वेळ पाहिलं. "रंग अगदी असाच असतो," त्या म्हणाल्या. "मीही गुलाबी पुस्तकांवरच शिकले. नंतर पेशंट बघून बघून सगळं पुन्हा शिकावं लागलं. पण या गुडघ्याचं काय करायचं? या गुडघ्याने हा माणूस मागच्या मागे चालेल." मग त्यांनी तिला हाडांचं पुस्तक दिलं आणि पेशंटची परवानगी घेऊन बाकावर बसायची मुभा दिली. चितारीण शिकत गेली. गुडघे सुधारले. कावीळ काळ्या बाळाच्या हिरड्यांवर कशी दिसते, ओठ निळे पडतात म्हणजे सावळ्या ओठांवर नक्की कोणता रंग येतो, हे सगळं ती काढत गेली. आणि मग तिने आरोग्य कार्यालयाचं डोकं खायला सुरुवात केली. प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर असा एक तक्ता हवाच, असं ती इतक्या वेळा आणि इतक्या माणसांना सांगत सुटली की शेवटी तिला टाळण्यापेक्षा तक्ता छापणं सोपं, असं कार्यालयाला वाटलं असावं.

तर असा हा तक्ता. आणि तो उद्या दुपारी मशीनवर चढणार होता.

तिने कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला. साहेबांना प्रूफ फारच आवडलं होतं. "बाई, अहो किती प्रसन्न दिसतंय!"

"साहेब, रोगांचा तक्ता आहे तो. प्रसन्न कशाला दिसायला पाहिजे?"

साहेबांनी घसा खाकरला. "हे बघा, माझं म्हणणं एवढंच, की मशीन थांबायला नको. एकदा हा नंबर गेला की पुढच्या वर्षावर जाईल, आणि पुढच्या वर्षी मी या खुर्चीत असेन की नाही देव जाणे. छापखान्याचे मास्तर वेळेत बदलून देत असतील तर माझी काही हरकत नाही. नाहीतर आहे तसं जाऊ द्या."

म्हणजे साहेबांनी हात झटकले. चितारीण मूळ चित्रं काखेत मारून तशीच छापखान्यात गेली.

मास्तर म्हणजे केस पिकलेला, कामात चोख माणूस. तिला पाहून ते खुशीत हसले. "या, या. बघितलं प्रूफ? सगळी चित्रं काळपट आली होती. मी स्वतः बसून सुधारून दिली. त्याचं वेगळं काही लावलं नाही हं."

आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं? तिने आवाज खाली ठेवला. "मास्तर, ती काळपट आली नव्हती. ती माणसंच काळी आहेत."

"अहो, सगळे चित्रकार असंच म्हणतात. खोलीत उजेड कमी असतो, चित्र काळं होतं, आणि छापून आल्यावर बोल मला लागतो. आजवर छापखान्यात जेवढी भांडणं झाली ती सगळी काळ्या रंगावरून. गोरं छापलं म्हणून कुणी भांडायला आल्याचं मला आठवत नाही."

"मी आलेय."

मास्तरांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे एक कार्ड टाचलेलं होतं. त्यावर एका हसऱ्या, गोऱ्या बाईचा फोटो आणि खाली रंगांच्या पट्ट्या. माणसाच्या कातडीचा रंग छापायचा झाला की त्या बाईच्या गालाशी जुळवायचा, ही छापखान्याची रीत. चितारिणीने ते कार्ड लगेच ओळखलं. स्टुडिओत तिच्या टेबलासमोरही हेच कार्ड होतं. इतकी वर्षं तीही याच बाईच्या गालाकडे बघून गावाला गोरं करत होती.

"चित्रातला रंग हा चित्रकाराचा अंदाज," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, धंद्याचा नियम सांगत होते. "मी अंदाजावर छापत नाही. मी नमुन्यावर छापतो. कापडवाला कापड आणतो, मी त्याच्याशी जुळवून देतो. फरशीवाला फरशी आणतो. तुम्ही मला कातडीचा दुसरा नमुना आणून द्या, मी डोळे मिटून त्याच्याशी जुळवीन. नाहीतर माझ्याकडे ही बाई आहे."

चितारीण घरी आली ती पाय आपटतच. स्वयंपाकघरात भांडी आदळायला लागली. दुसऱ्या रंगाचं कार्ड तिने आजवर कुठेच पाहिलं नव्हतं, आणि आता एका रात्रीत ते आणायचं कुठून? भांड्यांवर राग निघाल्यावर तिने आईला सगळं सांगितलं.

"कातडीचा नमुना पाहिजे म्हणाला?" आईने विचारलं.

"हो."

"मग चल उद्या मला घेऊन. एक अजून शिल्लक आहे."

"आई, तिथे जिना आहे."

"मग? जिन्याला काय मी घाबरते?"

आई पाय कापल्यापासून घराबाहेर पडायची ती फक्त इस्पितळापुरती. चार लोकांत कपडा वर करून बसणं तर लांबच, घरात पाहुणे आले तरी ती मांडीवर चादर ओढून घ्यायची. चितारीण तिच्याकडे नुसती बघत राहिली. आईने त्या बघण्याला अजिबात भीक घातली नाही.

सकाळी दोघी छापखान्यात पोचल्या. जिना चढताना आईने प्रत्येक पायरीला छापखाना वरच्या मजल्यावर काढणाऱ्याचा उद्धार केला, पण चढली. मास्तर लगबगीने खुर्ची घेऊन आले. आईने कोऱ्या कागदाच्या गठ्ठ्यावर आपला पाय ठेवला, गुडघ्यापर्यंत कपडा वर केला आणि दुसऱ्या बाजूचा रिकामा कपडा झाकायची धडपड काही केली नाही.

"घ्या नमुना," ती म्हणाली.

मास्तर चांगलेच गोंधळले. "अहो आजी, कशाला त्रास घेतलात..."

"त्रास घेऊन झालाय माझा. तुम्ही आता जुळवा. आणि मास्तर, एक सांगू? तुमचा हात त्या भिंतीवरच्या बाईच्या गालाजवळ धरा बघू जरा."

मास्तरांनी नकळत हात वर केला. शाईने बरबटलेला, कोपरापर्यंत काळासावळा हात त्या गुलाबी गालाशेजारी क्षणभर राहिला.

"तुम्हीसुद्धा काळपट छापून आलात की काय?" आईने विचारलं.

मास्तर आधी ओशाळले आणि मग मोठ्याने हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी शब्द पाळला. चितारिणीची मूळ चित्रं संगणकावर पुन्हा उघडली, खिडकीचा पडदा सारून पायावर उजेड घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि एखाद्या भारी कापडाशी रंग जुळवावा तसे त्या पायाशी जुळवायला बसले. पहिलं प्रूफ आलं. पायाशेजारी धरलं. "लाल जास्त झाला," मास्तर स्वतःच म्हणाले. दुसऱ्यात नडगी जुळली, पण टाच राखट झाली. चितारीण मध्ये बोलायला गेली तर त्यांनी हाताने थांबवलं. "नमुना समोर आहे, तुम्ही बसा." तिला याचा रागही आला आणि बरंही वाटलं. भिंतीवरचं कार्ड त्यांनी काढलं नाही. तुमच्या त्या गोऱ्या बाईच्या चौकटीला लागेल, म्हणाले.

पाय जुळला तशी बाकीची माणसंही एकेक करून आपापल्या रंगावर आली. मशीनची वेळ होत आली असताना मास्तरांनी शेवटचं प्रूफ आणलं आणि ते चितारिणीकडे न देता आईच्या मांडीवर पसरलं.

आईने चष्मा पुसला. आता तिला विचारावं लागलं नाही की हा कुणाचा पाय. तिने कागदावरच्या पायावर बोट ठेवलं आणि घोट्यापासून वर नेत नेत त्या जांभळट, चकचकीत पट्ट्याशी आणून थांबवलं. बराच वेळ ते बोट तिथेच राहिलं.

"असंच होतं," ती म्हणाली.

"हो, आई."

"म्हणजे दिसत होतं."

"दिसत होतं."

"मी उगाच कण्हत नव्हते."

हे वाक्य आईने इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं, आणि ते तिथे ठेवणाऱ्यांत तो डॉक्टर एकटा नव्हता. चितारीण आईच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि तिने आईचा पाय दोन्ही हातांत धरला.

"नाही, आई. तू उगाच कण्हत नव्हतीस. मीच ऐकलं नाही."

आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, नाक ओढलं, डोळे कोरडे केले. मग कागदाला घडी पडू न देता तो मास्तरांच्या हातात दिला.

"लावा मशीन," ती म्हणाली. "आणि पहिला तक्ता आमच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पाठवा. तो पोरगा अजून तिथेच बसतो."