पलीकडच्या काठावरचं बिस्कीट

मी रुंद फिल्मचा कॅमेरा बोलतोय. मला बघून पाण्याचा पंप आहे का, असं विचारू नका, डोकं फिरतं माझं. वजनदार आहे, घरघर करतो, मान्य. चौघांनी उचललं तर कुठे तीन पायांच्या तिकाटण्यावर चढतो. पण माझ्या पोटातली फिल्म नेहमीच्या फिल्मपेक्षा दुप्पट रुंद. अंगण मोठं, म्हणून सगळ्यांना बसायला जागा.

कारखान्यात एका चष्मेवाल्या म्हाताऱ्यानं मला जुळवलं. शेवटचा स्क्रू पिळताना म्हणाला, "जा, आणि खोटं बघू नकोस." त्यानंच घोळ करून ठेवला.

तिथून आलो शेठच्या स्टुडिओत, मामाच्या हाताखाली. मामा म्हणजे इथला कॅमेरामन, सगळ्यांचाच मामा. मला रोज पुसायचा, वर 'गाढवा' म्हणायचा. माझी घरघर नटांच्या बोलण्यात मिसळायची, म्हणून त्याच्या बायकोनं मला जाड गोधडी शिवली, भिंगापुरतं भोक ठेवून. अशी गोधडी माणसांनाही मिळत नाही.

शेजारच्या फळीवर नेहमीच्या फिल्मचा छोटा कॅमेरा. चुणचुणीत पोर. कडेवर घेऊन पळा, बोटीत न्या, काही तक्रार नाही. शेठचा जीव त्याच्यावर. म्हणायचा, छोट्यावर घ्या आणि लॅबमध्ये मोठं करा, पडद्यावर कुणाला कळतंय?

मामा तापला. "शेठ, फिल्मवर उतरलंच नाही ते लॅबवाला कुठून मोठं करणार? पीठ तेवढंच, किती लाटाल?"

शेवटी ठरलं. पिक्चरचा शेवटचा शॉट दोघांनी शेजारी उभं राहून घ्यायचा. नदीच्या अलीकडे एकटी आई, पलीकडच्या काठावर गाव सोडून चाललेली माणसं. ज्याचा शॉट चांगला तो पिक्चरमध्ये. मी हरलो तर मला विकायचं. गिऱ्हाईक तयारच होतं. त्याला फक्त माझी भिंगं हवी होती, बाकीचा मी भंगारात. मामा त्या दिवशी जेवला नाही.

गर्दीत माणसं कमी पडली म्हणून शेठचे वडीलही उभे राहिले. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. डॉक्टरनं गोड बंद केलेलं आणि बायको डब्यावर पहारा देणारी. म्हातारा तसा गुणी, पण समोर कॅमेरा दिसला की लाकूड व्हायचा. पलीकडच्या काठावर मात्र त्यांना वाटलं, एवढ्या लांबचं कोणाला दिसतंय.

मला दिसतं ना.

थिएटरात आधी छोट्याचा शॉट लावला, मोठा केलेला. वाईट नव्हता. पण पलीकडच्या माणसांच्या तोंडावर नुसती फिल्मच्या दाण्यांची वाळू सळसळत होती. कोण रडतंय, कोण जांभई देतंय, काही कळेना. मग माझा लागला. गाठोड्यावरचं ठिगळ दिसत होतं, खांद्यावरचं झोपलेलं पोर दिसत होतं. मामा खुर्चीत ताठ बसला.

तेवढ्यात कोणीतरी फिस्सकन हसलं. रडणाऱ्या गर्दीच्या मधोमध आप्पा. गाल फुगलेला, अर्धं बिस्कीट तोंडाबाहेर, आणि शेजारच्या रडणाऱ्याला पुडा पुढे करतायत. पार कानापर्यंत हसत.

थिएटर हसून लोळलं. शेठ एवढंच म्हणाला, "मामा, तुमच्या कॅमेऱ्याला नको ते दिसतं." पुन्हा घ्यायला तोवर काठावरचा सेट मोडून झाला होता. छोट्याचा शॉट गेला पिक्चरमध्ये. लोक तो बघून रडलेसुद्धा. मला असा राग आला की गोधडीतल्या गोधडीत तापलो.

गिऱ्हाईक यायच्या आधीच आप्पा गेले. झोपेतच. घरात फोटो शोधायला लागले, तर एकही धड नाही. सगळ्यांत म्हातारा असा उभा, जणू शिक्षा ऐकतोय. शेठ एकेक फोटो उलटा ठेवत गेला.

मामानं कोणाला न विचारता तो टाकून दिलेला तुकडा काढला आणि लॅबमधून एकट्या आप्पांना मोठं करून आणलं. शेठनं फोटो हातात घेतला. उजेडाकडे धरला.

"लॅबमध्येच मोठं केलंत ना, मामा?"

"हो. होतं म्हणून झालं."

फोटो शेठच्या आईकडे गेला. तिनं डोळ्यांजवळ धरून बघितला. "तरी मी म्हणते, डबा रिकामा कसा होतो," म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

गिऱ्हाईक आलं तसं परत गेलं. पिक्चर अजून छोट्यावरच निघतात, खोटं कशाला सांगू. मी फळीवर असतो. मामाची बायको गोधडी धुवून देते. शेठ कधीकधी येतो, उगाच माझ्यावरची धूळ झटकतो.

आज मात्र गडबड आहे. शेठला आईचं चित्र घ्यायचंय, ओसरीवर बसलेली. मामानं विचारलं, छोटा घेऊ का, हलका पडेल. शेठ म्हणाला, "नको. गाढवालाच घ्या."

आता चौघं येतील उचलायला. म्हातारीनं म्हणे बिस्किटांचा डबा शेजारी आणून ठेवलाय. माझं एवढंच मागणं आहे: तिला कोणी 'इकडे बघ' म्हणू नका.