अठरा पायऱ्या आणि तीन राउटर

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा फोन सकाळी साडेदहाला आला, तेव्हा मी नुकतीच आडवी झाले होते. आठवड्याची एकच सुट्टी. बाकीचे सहा दिवस मी एका इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्रात बसून कानाला फोन लावते आणि अनोळखी लोकांना सांगते, "बंद करून पुन्हा चालू करून बघा." सुट्टीच्या दिवशी मला स्वतःलाच बंद करून ठेवावंसं वाटतं.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. उद्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन. नऊ वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी आईला भुलीचं कुठलंतरी औषध सोसलं नव्हतं, रक्तदाब पार तळाला गेला होता. त्या औषधाचं नाव असलेला कागद आज संध्याकाळी पाचपर्यंत हवा. "नाव कळल्याशिवाय मी हात लावणार नाही," बाई म्हणाल्या. उद्याची तारीख गेली की पुढची दोन महिन्यांनी. ते जुनं हॉस्पिटल तर कधीच बंद पडलंय.

दोन महिने आई काय सोसणार, ते मला ठाऊक होतं. कूस बदलताना ती दात आवळून कण्हते, ते मला भिंतीपलीकडूनही ऐकू येतं.

"दादाला विचार ना," आई म्हणाली. "त्यानेच ठेवलेत सगळे कागद."

"कशाला? मी काढते इथूनच."

आता हे 'इथूनच' काय आहे ते सांगते. मी आणि आई खाली राहतो, दादा आणि वहिनी वर. मध्ये अठरा पायऱ्या. दादाला टापटिपीचं वेड. गेल्या वर्षी त्याने घरातला कागद न् कागद स्कॅन केला, सगळं एका डब्यात भरलं आणि कागद रद्दीत घातले. डबा म्हणजे नेटवर्कला जोडलेली हार्ड डिस्क, घरातल्या कुणालाही आपल्या कॉम्प्युटरवरून उघडता यावी अशी. कल्पना झकास होती. पण रद्दीत माझी पत्रंही गेली, कॉलेजच्या मैत्रिणींची, चांगली पिशवीभर. मी वर जाऊन तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, "आहेत की डब्यात, अक्षर न् अक्षर." मी म्हटलं, "तुझा डबा तुला लखलाभ." दुसऱ्या दिवशी मी माझा वेगळा राउटर आणून लावला. आठवड्याभरात त्यानेही आणला, आणि डबा त्याला जोडून टाकला. पासवर्ड बदलला. मी मागितला नाही, त्याने दिला नाही. या गोष्टीला अकरा महिने झाले.

तर घरात तीन राउटर. दाराशी इंटरनेटवाल्यांनी बसवलेला मुख्य, त्यातून एक तार वर दादाकडे, एक मागच्या खोलीत माझ्याकडे. मी लॅपटॉप घेऊन जमिनीवरच बसले. डबा दिसेना. बघते तर माझ्या राउटरने आणि मुख्य राउटरने घरातल्या यंत्रांना एकाच मालिकेतले नंबर वाटलेले, त्यामुळे माझा लॅपटॉप बाहेरची वस्तूही घरातच शोधत बसे. नंबर बदलले. डबा दिसेना. मग माझ्या राउटरचं राउटरपणच काढून घेतलं, नुसतं वायफाय पसरवण्यापुरता ठेवला. मुख्य राउटर दिसायला लागला. डबा नाहीच.

दिसणार कसा? दादाचा राउटर आतल्याला बाहेर सोडतो, बाहेरच्याला आत घेत नाही. त्याने तिकडून वाट उघडली तरच. किंवा डब्याची तार काढून खाली मुख्य राउटरला लावली तर. काहीही करायचं म्हटलं तरी कुणीतरी वर जायला हवं. खरं सांगायचं तर हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं. रोज पन्नास लोकांना मी हेच समजावते. पुढचे पाच तास मी स्वतःला कळू दिलं नाही, एवढंच.

"झालं का गं?" आईने दोनदा विचारलं.

"होतंय."

मी मुख्य राउटर बंद करून चालू केला. लगेच आईचा फोन वाजला. वहिनी. आई ऐकून म्हणाली, "विचारतेय, नेट गेलंय का?"

"सांग, येईल पाच मिनिटांत."

आईने सांगितलं. मग फोनवर हात ठेवून म्हणाली, "दादा विचारतोय, कोण काय करतंय?"

"सांग, कोणी काही करत नाहीये."

आईने तेही सांगितलं. अकरा महिने ती हेच करतेय, याचं तिला सांग, तिचं याला सांग. मला तिची दया आली, आणि स्वतःचा रागही. पण उठायचं मात्र जिवावर आलं. पाय दुखत होते म्हणून नाही. वर जाऊन त्याच्या दारात उभं राहायचं आणि तो 'काय गं, हेल्पलाइन?' म्हणणार, ते जिवावर आलं. मी टेबलाखाली शिरून तार पुन्हा काढली, पुन्हा लावली. कशासाठी, मलाही माहीत नव्हतं.

बाहेर आले तेव्हा पावणेचार वाजले होते. आईची खुर्ची रिकामी. न्हाणीघरात नाही. स्वयंपाकघरात नाही.

"आई?"

उत्तर वरून आलं. "ओरडू नकोस. इथे आहे."

ती अठराव्या पायरीवर बसली होती. चेहरा पांढरा पडलेला, केस कपाळाला चिकटलेले, एक चप्पल पायात, दुसरी खाली सातव्या पायरीवर. खुबा झिजलेला आणि ही बाई कठडा धरून, बसत-सरकत वर गेली होती. मागे दादा उभा, हातात छापलेला कागद.

"मला हाक मारायची ना!" तो तिला म्हणत होता. "मी आलो असतो खाली."

"तुम्ही मारता का हाका एकमेकांना?" आई म्हणाली. "फोटो काढून पाठव त्या बाईंना, आत्ताच्या आत्ता."

दादाने तिथेच उभं राहून पाठवला. उत्तरही आलं, मिळालं म्हणून. ऑपरेशन उद्या ठरल्या वेळी. माझे पाच तास आणि त्याची दोन मिनिटं. त्याचंही तोंड उतरलं होतं.

आता तिला खाली आणायचं होतं. तिच्याने एक पाऊल टाकवेना. वहिनीने हात असलेली खुर्ची आणली, आईला बसवलं.

"मी पाठ धरतो," दादा म्हणाला. "तू खालून पाय धर. उलटं उतरता येईल ना तुला?"

"येईल."

अकरा महिन्यांतलं आमचं पहिलं बोलणं ते एवढंच. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. "सावकाश." "तुझ्याकडे तिरकी होतेय." "धरलंय मी." मध्यावर, जिन्याच्या वळणावर, आई म्हणाली, "ठेवा खाली."

"दुखतंय का?"

"ठेवा म्हटलं ना."

ठेवली. आईने कपाळाला चिकटलेले केस मागे सारले.

"त्या कागदावर औषधाचं नाव आहे फक्त," ती म्हणाली. "त्या वेळी ऑपरेशननंतर मला खाटेवर आणून टाकलं ना, तेव्हा मला डोळे उघडता येत नव्हते. बोट हलवता येत नव्हतं. पण ऐकू येत होतं सगळं. तुम्ही दोघं दोन बाजूंना उभे राहून भांडत होतात. या हॉस्पिटलात आणायचं कोणी ठरवलं म्हणून."

दादा खुर्चीची पाठ धरून तसाच वाकून राहिला. मला ते भांडण आठवत होतं. मीच जास्त बोलले होते.

"मला वाटलं, आता हेच ऐकत जीव जायचा," आई म्हणाली. "औषधाची नाही रे मला भीती वाटत. उद्या तेवढं माझ्या उशाशी भांडू नका."