चौथा रकाना

लातूरच्या एका सरकारी कचेरीत बाबू असलेल्या आनंदराजला शाळेच्या ग्रुपवरून फॉर्म आला. मुखेडच्या शाळेतून दहावी होऊन तीस वर्षं झाली, म्हणून स्नेहमेळावा ठरला होता आणि सगळ्यांची माहिती पुस्तिकेत छापायची होती. नाव, गाव, हुद्दा आणि शेवटी ‘मुलं काय करतात’.

तीन रकाने त्याने भरले, चौथ्यापाशी अंगठा अडला. वर्गात तो पहिला यायचा, तेव्हापासूनच पोरं त्याला डॉक्टर म्हणायची. बारावीला मेडिकल थोडक्यात हुकलं. मग डी.एड., मग घरी बसणं, मग एकदाची ही कारकुनी. तीस वर्षं माणूस चालत राहिला आणि पोचला कुठं, तर फायलींच्या ढिगामागे! सगळ्या अंगात शीण भरून आला. त्याने लिहून टाकलं, ‘मुलगी लुंबिनी, एमबीबीएस, पहिलं वर्ष.’

लुंबिनी आतल्या खोलीत नीटचा तिसऱ्यांदा अभ्यास करत होती. यंदा नंबर लागेलच, असं तो धरून चालला होता. पोरीला विचारावं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. आपल्याकडे कोण विचारतं, सांगा बरं?

पुस्तिका लातूरलाच छापल्या. त्यांचा गठ्ठा घ्यायला व्यंकटी आला आणि जाता जाता आनंदराजकडे टेकला. व्यंकटी त्याच वर्गातला, दहावी नापास. मुखेडला विहिरींच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. लुंबिनीनं पाणी आणून दिलं, तसा तो कौतुकानं म्हणाला, “काय डॉक्टरीणबाई, सुट्टी लागली व्हय?”

तिला काही कळेना. व्यंकटीनं पुस्तिका उघडून ओळ दाखवली. तिनं ती दोनदा वाचली. पोरगी चिडली असती तरी बरं झालं असतं.

“पप्पा,” तिनं दमलेल्या आवाजात विचारलं, “मी कुठल्या कॉलेजात आहे?”

आनंदराजची मान खाली गेली. नीटला तिसऱ्यांदा बसतेयस, यंदा लागेलच, तुझ्याच भल्यासाठी, चार लोकांत मान राहावी म्हणून, असं काहीबाही तो पुटपुटला. व्यंकटीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“आनंद्या, माझ्या बापानं मला तीन बार परीक्षेला बसवलं. चौथ्या बारीला मी शाळेत गेलोच न्हाई. दिवसभर ष्ट्यांडवर बसून राहिलो, घरी जायची लाज वाटत व्हती. सांजच्याला बाप हुडकत आला अन् म्हनला, चल, जेवून घे. बास, तेवढंच. आज मी नीट हाय ते त्या जेवनामुळं. आपली राहिलेली डॉक्टरकी पोरीच्या गळ्यात कशाला बांधतोस? तू तीस वर्सांनी थकलास, ती बारावी होऊन दोन वर्सांतच थकली. बघ तर जरा तिच्याकडं.”

आनंदराजनं बघितलं. डोळ्यांखाली काळं झालेलं, हाडं वर आलेली. रोज घरात असलेली लेक त्याला आज दिसली!

“तुला काय करायचंय गं?” त्यानं विचारलं.

“मलाही अजून माहीत नाही. पण हे नको, पप्पा.”

त्यानं गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि एकेका प्रतीत ती ओळ खोडायला बसला. सत्तर प्रती होत्या. थोड्या वेळानं लुंबिनीही पेन घेऊन शेजारी बसली. आता काय लिहायचं, त्यानं विचारलं. ती म्हणाली, नुसतं नाव लिहा, पुढचं कोरं राहू द्या. व्यंकटी चहा पीत बसला, त्याची बस निघून गेली तरी.

मंडळी, आपला राहून गेलेला रस्ता लेकरांना चालायला लावू नका. त्यांना त्यांचा हुडकू द्या, वेळ लागला तरी लागू द्या. निदान विचारा तरी!

मेळाव्यात कुणीतरी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून आनंदराजला विचारलंच, पोरगी पुढं काय करणार म्हणून.

“तिला विचारून सांगतो,” आनंदराज म्हणाला.